प्योरावांची कडक थंडी

प्यो ग्वांगशिक मोक्पो बंदरातल्या एका औषधवाल्याची थंड गाडी चालवायचे. बोलणं मात्र असं, की उत्तर ध्रुव यांच्याच देखरेखीखाली गारठतो. आमच्या सोगामदो बेटावर त्यांची सासुरवाडी, म्हणून इथल्या दवाखान्याचं इन्सुलिन पोचवायचं काम त्यांनी हट्टाने मागून घेतलेलं. बोटीतून गाडी उतरली की धक्क्यावर कालवं फोडणाऱ्या बायकांना प्रवचन सुरू.

"कंपनी म्हणते, दोन ते आठ अंशात ठेवा. पाच दिसले की साहेब खूष! अहो, पाच म्हणजे काय थंडी झाली? पाचात माझी बायको कपडे वाळत घालते. थंड करायचं तर कडक करावं माणसानं!"

कंपनीने त्यांना प्रशिक्षणालाही पाठवलं होतं. तिथून परत आल्यावर जेवण झकास होतं, एवढंच त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

त्या नोव्हेंबरात ते दुपारच्या बोटीने आले. दवाखान्याच्या बांग सिस्टरचा लगेच फोन. "प्योभाऊ, खोकं आधी इकडे आणा. मग काय जेवायचं ते जेवा."

"आणतो हो! मी आहे ना," म्हणत प्योरावांनी गाडी थेट सासूबाईंच्या दारात लावली. कारण सासूबाईंनी कोंबडी कापली होती. जावई आला की आमच्याकडे कोंबडीचं काही खरं नसतं. सासूबाईंकडे, म्हणजे आन सुन्ये म्हातारीकडे, अंडी घालणारी ती एकच उरली होती. तिचीही मान गेली.

रस्सा झाला, वर सोजू दारूचे पेले झाले. प्योरावांचे डोळे जड झाले. बाहेर वारा उठला, समुद्र खवळला, बोटी बंद झाल्या. आता या वाऱ्यात चढावरच्या दवाखान्यात कोण जातो?

"सासूबाई, तुमचा किमचीचा फ्रिज रिकामा आहे ना?"

आमच्याकडे घरात एक वेळ देव नसेल, पण किमचीचा, म्हणजे मुळ्या-कोबीच्या आंबवलेल्या लोणच्याचा, वेगळा फ्रिज हवाच. जमिनीत पुरलेल्या रांजणासारखा गारठा धरतो तो, आणि गारठा जरासुद्धा हलत नाही. हिवाळ्याची नवी किमची घालायला म्हातारीने तो पुसून, कडक थंडीवर लावून ठेवला होता.

"रिकामा आहे, पण जावईबापू, त्यात माझ्या मुळ्याला बर्फ धरतो हो. औषधाला चालेल?"

"चालेल? धावेल! अहो, सरकारी फ्रिजसुद्धा असा नसतो. तुम्ही मुळ्याचं बघा, औषधाचं माझ्यावर सोडा."

खोकं काही आत मावेना. म्हणून त्यांनी इन्सुलिन भरलेली टोचायची पेनं तेवढी काढून फ्रिजमध्ये रचली, आणि खोकं बर्फाच्या विटांसकट, तापमान टिपणाऱ्या यंत्रासकट, ओसरीवर ठेवून दिलं. मग घोरायला लागले.

सकाळी झाकण उघडलं, तर प्रत्येक पेनात बर्फाच्या पांढऱ्या सुया. प्योराव बघतच राहिले. गोठलेलं इन्सुलिन मेलं, टाकून द्यायचं, हे प्रशिक्षणात सांगितलेलं नेमकं आत्ता आठवलं. जेवणाआधीचं व्याख्यान होतं ते! त्यांनी पेनं घाईघाईने खालून तापवलेल्या जमिनीवर, गोधडीखाली सरकवली. थोड्या वेळात सगळी पाण्यासारखी नितळ झाली. ओसरीवरच्या यंत्राकडे पाहिलं, तर रात्रभर पाच अंश. एक रेघ इकडची तिकडे नाही.

'कोणाला काय कळतंय,' असं म्हणून त्यांनी पेनं खोक्यात भरली.

दवाखान्यात सिस्टरने यंत्र पाहिलं आणि चक्क टाळी वाजवली. "प्योभाऊ, रात्रभर पाच! कमाल केलीत!"

"जावई कोणाचा?" म्हातारी बाकावरून बोलली. तिची छाती फुगली होती. "सिस्टर, माझं मला आधी द्या बाई. जुनं कालच संपलं. आता इथेच टोचून घेते."

बाकीच्यांच्या घरी थोडं थोडं शिल्लक होतं. हिच्याकडे थेंब नव्हता. तिने पेनाला सुई बसवली, पोटावरचं कापड वर केलं आणि जावयाकडे बघून बोळक्या तोंडाने हसली.

बोलावं तर नोकरी जाते, सासुरवाडीतली इज्जत जाते. आणि गप्प बसावं तर ही रोज पाणी टोचत राहणार, साखर चढत जाणार, आणि म्हणत राहणार, माझ्या जावयाने आणलंय.

"ठेवा ते!" ते असे ओरडले की सिस्टरच्या हातातलं यंत्र पडलं. "सासूबाई, टोचू नका. गोठलंय ते. मी गोठवलं. यंत्र ओसरीवर होतं."

म्हातारीने कापड सारखं केलं, सुई काढली, आणि पेन जावयाच्या हातात ठेवलं.

"मी विचारलं होतं, जावईबापू," ती हळूच म्हणाली. "मुळ्याला बर्फ धरतो म्हटलं होतं."

सिस्टरने सगळी पेनं कचऱ्यात टाकली आणि खवळलेल्या समुद्रातही चालणाऱ्या गस्तीच्या जहाजाला नवं खोकं आणायला फोन लावला. जहाज येईपर्यंत म्हातारी नुसत्या पाण्यावर बाकावर बसून होती. सिस्टर बोटाला टोचून साखर बघायची, आणि दर वेळी तिचा चेहरा आणखी उतरायचा. प्योराव धक्क्यावर वाऱ्यात उभे. बायका कालवं फोडत होत्या.

"काय प्योराव, आज थंडी किती?" एकीने विचारलं.

संध्याकाळी खोकं आलं. ते त्यांनी तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून चढावर नेलं आणि स्वतः आतला आकडा तीनदा वाचला. पाच. म्हातारीने टोचून घेतलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून रडले.

स्वतःहून खरं सांगितलं म्हणून नोकरी टिकली, गाडीही टिकली. पुढच्या महिन्यात ते खोकं आधी दवाखान्यात देऊन मगच सासुरवाडीला गेले. म्हातारीने हसून पाट मांडला, वाडगं पुढे केलं. कोंबडी नव्हती. नुसता भात होता आणि किमचीच्या फ्रिजमधला मुळा, वर पातळ बर्फ धरलेला.

"खा जावईबापू," ती म्हणाली, "कडक आहे."

प्योरावांनी मुकाट्याने खाल्ला.