बोटीवर न गेलेल्या गोळ्या

“हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद आहे,” बोईसरचे डॉक्टर म्हणाले. मी पिशवीतल्या गोळ्यांकडे बघितलं. निम्म्या तशाच होत्या.

माझा नवरा दातिवऱ्याचा तांडेल, मासेमारी बोटीचा प्रमुख. त्याच्या शब्दावर सात खलाशी समुद्रात जातात. दोन वर्षांपूर्वी पालघरला त्याचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी झाली. एलडीएल, म्हणजे रक्तवाहिनीत आतून साचणारं वाईट कोलेस्टेरॉल, फार वाढलेलं. त्याच्या अंगावर मूठभर मांस नाही, मी हसलेच होते. डॉक्टर हसले नाहीत, चरबी कमी करायची रोजची गोळी लिहून दिली. “बारीक माणसालाही होतं. दुखत नाही म्हणून गोळी सोडू नका.”

घरी तो ती रोज घ्यायचा. बोट आठ-आठ दिवस बाहेर असायची, तेव्हा घेतो का, हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही विचारा. शेवटी समुद्रातच त्याच्या छातीत कळ आली.

अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढलेला फोटो, आणि मग स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी. तेवढा वेळ मला बसवेना. नळापाशी जायचे, दारापाशी यायचे. बाहेर आला की आधी भांडणार होते. आला, आणि मला रडूच फुटलं.

तिसऱ्या दिवशी विचारलं, बोटीवर गोळ्या का नेल्या नाहीस. तो भिंतीकडे बघत म्हणाला, “आजारी तांडेलासंगं कोन येल गो? बोट हातची सुटली तर मी कोन?”

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली, एकही गोळी न चुकवण्याच्या अटीवर. निघायच्या दिवशी पाकीट पुन्हा फडताळात. माझं डोकंच फिरलं. धावत किनारा गाठला आणि साऱ्यांसमोर गोळी त्याच्या हातावर ठेवली. “छातीत जाळी बसवलीय. आता घे.”

खलाशी माघारी फिरले असते तर ते माझ्यामुळे.

सगळ्यांत म्हातारा खलाशी पांडूकाका. त्याने कमरेची पिशवी चाचपली आणि चुरगळलेलं पाकीट काढलं. “माजीपन हाय. तीन वर्सं झाली. बायकोलापन म्हाईत नाय. पानी दे, तांडेल.”

दोघांनी गोळी गिळली आणि सातही खलाशी बोटीवर चढले. पांडूकाकाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण बोट सुटताच मी तडक त्याच्या घरी गेले आणि काकीला सगळं सांगितलं.