काचेखालचं हिरवं

“दमानं. त्याला आपली घाई ठाऊक नाही,” असं म्हणत मास्तर मातीच्या पसरट परळावरची काच उचलत आणि धोतराच्या सोग्यानं तिच्यावरची वाफ पुसत. त्यांच्याविषयी इतकंच मी आजवर सांगत आलो. पुढचं टाळलं.

चाळीसच्या दशकात नगरला आम्ही एकाच शाळेत होतो. ते चित्रकला शिकवत, मी गणित. खोल्याही शेजारी. त्यांची बायको मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. मायदेशी परतणाऱ्या एका मडमेनं तिला लिंबाएवढं गोल, काटेरी झाड दिलं होतं. बायको वारली आणि त्याच पावसाळ्यात झाडही सडलं. उरली ती त्यावरची मिरचीसारखी तांबडी फळं. त्यातलं खसखशीएवढं बी मास्तरांनी परळात पेरलं. सगळंच.

घरमालकीणबाई म्हणाल्या, “सरकारानं किडं सोडून निवडुंग मारला, अन् तुमी घरात पेरताय व्हय?”

“हा वेगळा आहे, मावशी.”

“पायात गेल्यावर सांगतुय व्हय, मी येगळा हाय म्हनून?”

मास्तर खूप हसले. पण परळात काही उगवेना. रोज सकाळी मला बोलवत. “तुमचे डोळे तरुण आहेत. बघा बरं.” मी बघायचो. नुसती माती. मग ते बराच वेळ तिथंच बसून राहत.

एका रविवारी ते चर्चला गेले असताना मी काच उचलली. मातीवर शेवाळाचे हिरवे कण धरले होते. ते मी नखानं खरवडून टाकले आणि बांधावरच्या फड्या निवडुंगाचं बी तिथं खोचलं. चेष्टा होती की दया, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही.

संध्याकाळी मास्तर म्हणाले, “काल इथं काही हिरवं दिसल्यासारखं वाटलं होतं.”

“शेवाळ असेल,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली.

पुढे रोपं वर आली. मास्तरांनी आळीत पेढे वाटले. काही महिन्यांनी चपटं, काटेरी पान फुटलं तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, “अवं, हा तर आपला फड्या.” मास्तर इतकंच म्हणाले, “आलाय ना? राहू दे.” आणि पाणी घालत राहिले. त्यांनी ओळखलं होतं का? ओळखलं असेल तर पाणी कुणासाठी घालत होते?

पेन्शनीत ते मुलीकडे श्रीगोंद्याला गेले. मी एकदा भेटायला गेलो. “मास्तर, ते बी...” एवढंच बोललो. “आधी चहा घ्या,” ते म्हणाले. चहा झाला, माणसं आली, गाडीची वेळ झाली. पुढे ते गेल्याचं कळलं.

परवा नगरलाच, सावेडीच्या घरी सूनबाईनं तिचा बी पेरलेला ट्रे दाखवला. मातीवर हिरवे, मोहरीहून बारीक कण. मी बोट पुढे केलं.

“हात नका लावू बाबा, निवडुंगाची रोपं आहेत ती. सुरुवातीला अशीच दिसतात.”

म्हणजे श्रीगोंद्याला बोललो असतो, तरी बी बदलल्याची, भलत्याच गोष्टीची माफी मागून आलो असतो.

मास्तर, ते शेवाळ नव्हतं. ती उगवली होती.