एकच पुस्तक, हातात पेन्सिल न घेता

पट्टीताईंनी उभा जन्म छापखान्यात प्रुफं वाचण्यात घालवला. मजकूर यंत्रावर चढण्याआधी त्यातल्या चुका टिपायच्या, हे त्यांचं काम. चालू ओळीखाली लाकडी पट्टी धरायची, म्हणजे पुढची ओळ झाकली जाते आणि डोळा गोष्टीमागे पळत नाही. "बाई, अर्थात गुंतलात की चूक हातची गेली," असं मोठ्या तपासनिसांनी त्यांना सुरुवातीलाच बजावलं होतं. त्या कधी गुंतल्या नाहीत. औषधांची माहितीपत्रकं, कायद्याची पुस्तकं, रहस्यकथा, सगळं त्यांनी एकाच चेहऱ्यानं वाचलं. खुनी कोण, हे त्यांना एकाही रहस्यकथेत कळलं नाही; पण एका खुन्याचं आडनाव मधल्याच एका प्रकरणात बदललंय, हे त्यांनीच पकडलं होतं. छापखान्यात त्यांना पट्टीताई हे नाव पडलं ते असं.

निवृत्त झाल्यावर हातातली पट्टी सुटली, डोळ्यांची खोड काही सुटली नाही.

त्यात यंदा लेकीनं कादंबरी लिहिली. पहिली प्रत आईच्या हाती ठेवून म्हणाली, "वाच, आणि कशी वाटली ते सांग." पट्टीताईंनी डोळ्यांत तेल घालून वाचली आणि पानोपानी लाल खुणा करून परत दिली. वर कौतुकानं म्हणाल्या, "फार चुका नाहीत हो तुझ्या!"

"आणि गोष्ट?"

"चांगली आहे की."

"कुणाची आहे गं?"

कादंबरीत छापखान्यात काम करणारी एक आई होती. तिच्या हातात पट्टीसुद्धा होती. त्या आईच्या वाक्यांतले स्वल्पविराम पट्टीताईंनी नीट जागेवर बसवले होते. पण ती आई कोण, हे काही डोळ्यांतून आत उतरलं नव्हतं.

लेकीनं कागद गोळा केले आणि निघून गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. फोन यायचे, पण 'जेवलीस का, गोळी घेतलीस का' एवढ्यापुरते. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं पट्टीताईंना वाटायचं.

वर्षाच्या शेवटच्या दुपारी त्या लेकीकडे गेल्या. जावयाला संकल्पांची भारी हौस. चहा ओतता ओतता त्यानं फर्मान काढलं, "नव्या वर्षात कोण किती पुस्तकं वाचणार, बोला! माझी पन्नास."

"बाबा, गेल्या वर्षीच्या पन्नासातली किती झाली?" नातीनं विचारलं.

"दीड. पण जाडी होती."

नातीनं बारा सांगितली. लेक कपाकडे बघत म्हणाली, "मी बघेन." मग सगळे आजीकडे वळले.

"एक," पट्टीताई म्हणाल्या.

"आई, अहो, तुम्ही म्हणजे आमच्या घरातल्या वाचनाच्या पैलवान! एक कसलं सांगताय?"

"एकच. पण हातात पेन्सिल न घेता."

जावई हसला. नात हसली. लेक रिकामे कप उचलून स्वयंपाकघरात गेली आणि नळ जरा जास्तच जोरात सोडला.

पट्टीताई मागोमाग गेल्या. "ते एक पुस्तक तुझं," त्या म्हणाल्या. "पुन्हा दे मला."

"कशाला? राहिलेल्या चुका काढायला?"

"नाही गं."

"आई, तुला नाही जमायचं ते. मी रागानं बोलत नाहीये. तुझा स्वभावच तो."

"म्हणून तर ठरवलं ना!"

लेकीनं नळ बंद केला. ओले हात पुसले, आतल्या खोलीत गेली आणि लाल खुणा नसलेल्या दुसऱ्या प्रतीचा गठ्ठा घेऊन आली. त्यातलं मधलंच एक पान तिनं ओट्यावर ठेवलं. "हे वाच. इथंच, माझ्यासमोर."

आता पुन्हा चुकलं तर लेक तिसऱ्यांदा विचारणार नाही, हे पट्टीताईंना स्वच्छ कळत होतं. त्यांनी चष्मा लावला. दुसऱ्याच ओळीत एक अनुस्वार गळला होता. त्यांचा अंगठा तिथं थबकला. वर बघायची गरज नव्हती. लेकीची नजर त्याच अंगठ्यावर होती.

त्यांनी हात मागं घेतले आणि पाठीशी घट्ट धरले, वर्गात उभ्या केलेल्या मुलीसारखे. पुढं वाचलं. अर्धं पान झालं आणि त्यांच्या लक्षात आलं. डोळ्यांखालून ओळी गेल्या होत्या, आत एक शब्द उतरला नव्हता. त्या पुन्हा पहिल्या ओळीवर आल्या.

बाहेरून जावयाचा आवाज आला, "अगं, चहाचा दुसरा राउंड आहे का?"

"थांबा हो जरा!" लेक ओरडली.

पानावर एक जिना होता. जिन्यात दप्तर मांडीवर घेऊन एक मुलगी बसली होती. अंग तापलेलं. दार समोरच होतं, नुसतं लोटलेलं. मुलगी उठत नव्हती. पट्टीताईंचे ओठ हलायला लागले. अनुस्वार पुन्हा आला आणि मागं पडला. पान संपलं, तरी मुलगी तिथंच.

"अगं, हिला ताप आहे ना?" त्यांचा आवाज चढला. "मग ही जिन्यात काय करतेय? दार उघडंच आहे की! आत का जात नाही कार्टी?"

लेकीनं हातातला गठ्ठा ओट्यावर टेकवला.

"कुणी रागावेल म्हणून?"

"नाही. आत आई घरी आणलेली प्रुफं वाचत असते. मध्येच हाक मारली तर तिची ओळ चुकते."

पट्टीताईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. असं कधी झालं होतं, कुठल्या जिन्यात, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण निघालं भलतंच.

"मग ती बाहेर येते का? आई?"

लेकीनं गठ्ठ्यातलं पुढचं पान शोधायला घेतलं. कागद हातातून सटकत होते.

"ते मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तूच वाच."