फालशाला दिलेला दम

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. पिंपरीच्या एका कारखान्यात मला नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारातून वडिलांसाठी काय न्यावं ते कळेना. पिंपरी कॅम्पात एका सरबतवाल्याच्या दारात फालशाची रोपं होती. त्याच्याच फळांचं सरबत प्यालो, पोटात गार वाटलं, म्हणून एक रोप घेऊन चाकणजवळच्या आमच्या गावी गेलो.

वडिलांनी ते अंगणात लावलं आणि गावभर सांगितलं, "पोरानं आणलंय. वाटाण्याएवढी जांभळी फळं येत्यात. हितं कुणाकडं न्हाई." गुरांच्या आधी ते त्याला पाणी घालत. झाड माणसाच्या डोक्यावर गेलं, पण फळ धरेना. शेजारचे काका कुंपणावरून विचारायचे, "काय दादा, आज तरी सरबत व्हय?" वडील हसून घालवत. पण मी आणलेल्या झाडाची थट्टा त्यांना माझीच थट्टा वाटे.

आमच्याकडे न फळणाऱ्या झाडाला दम द्यायची रीत होती. एकानं कुऱ्हाड घेऊन 'तोडतो' म्हणायचं, दुसऱ्यानं मध्ये पडून 'राहू द्या, औंदा फळंल' असं विनवायचं. मग झाड घाबरून फळतं. पौषात पानं गळून फालशाच्या नुसत्या काड्या उरल्या, तेव्हा वडिलांनी कुऱ्हाड काढली. विनवणी अर्थातच आईनं करायची. मी रविवारचा घरी होतो. काका कुंपणाशी हजर.

"तोडतोच आज ह्याला," वडील गरजले.

आई धुणं वाळत घालत होती. तिनं पुढचं लुगडं झटकलं.

वडील खाकरले. "तोडतो म्हंतोय मी."

"मग तोडा की. रोज लुगडं अडकतंय त्यात. परवा पदर फाटला."

"अगं, तू नको म्हणायचं हाय."

"हळू बोला दादा," काका म्हणाले. "झाड ऐकतंय."

आता काकांसमोर उचललेली कुऱ्हाड खाली कशी ठेवायची? वडिलांनी एकवार माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या फांद्या गुडघ्याइतक्या उंचीवर उडवल्या. दुपारी ते जेवले नाहीत. "तू आणलेलं झाड," एवढंच म्हणाले.

उन्हाळा लागला तसे खुंटांतून फुटवे आले, आणि वैशाखात प्रत्येक फुटवा फळांनी लगडला. मी पिंपरीत चौकशी केली. फालसा नव्या फुटव्यावर फळतो, म्हणून दर हिवाळ्यात तो छाटायचाच असतो. हे वडिलांना नीट समजावलं. पदवीधराचं ऐकावं तसं त्यांनी मान देऊन ऐकलं.

"ते असंल," ते म्हणाले. "पर धाक बसल्याबिगर फुटवा येतो का?"

मग सरबताचा तांब्या त्यांनी स्वतः कुंपणावरून काकांना दिला. काकांनी तो रिकामा केला, मिशा पुसल्या आणि आईकडे वळून म्हणाले, "वैनी, आमचा आंबा लई दिस रुसलाय. जरा येता का?"

"तुमच्या आंब्यात माझं लुगडं कुठं अडकतंय?" आई म्हणाली.