दोन स्पीकरांचे घर

वहिनींचा फोन आला तेव्हा मी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, एका दांपत्याच्या निवास परवान्याचा अर्ज मांडीवर घेऊन बसलो होतो. "भावजी, हे गेले," त्या म्हणाल्या. मागे त्यांच्या स्वयंपाकघरात हाइन्झ नावाचा एक म्हातारा एल्बे नदीवरच्या धुक्याबद्दल कोणाला तरी सांगत होता. मंगलावहिनी हॉस्पिटलातून घरी आल्या होत्या आणि कोट काढण्याआधी सवयीने त्यांनी रेडिओचे दोन्ही स्कॅनर चालू केले होते. "आता लोक यायला लागतील. स्पीकर बंद करू का?" समोरच्या भिंतीवर शांतता राखण्याची सूचना असताना मी मोठ्याने म्हणालो, "मुळीच नाही!" त्या गोष्टीला आता काही आठवडे झाले. त्या उत्तराबद्दल हॅम्बर्गच्या मराठी मंडळींनी मला बरेच ऐकवले आहे. माझे म्हणणे मात्र अद्याप कोणी ऐकून घेतलेले नाही; ते येथे सादर करीत आहे.

वहिनींचे यजमान अविनाश टिपरे हे विमानबांधणीच्या कारखान्यातील अभियंते. माझा व्यवसाय अर्जलेखनाचा. माझे शिक्षण बारावीपाशी थांबले. परंतु जर्मन कार्यालयांची भाषा मी अशी कमावली आहे की भल्याभल्या डॉक्टरेटवाल्यांना त्यांच्या हरकतीचे पत्र माझ्याकडून लिहून घ्यावे लागते. अविनाशरावही घरभाड्याच्या एका तंट्यासाठीच प्रथम माझ्याकडे आले. तंटा मिटला, येणेजाणे राहिले. ते मला 'वकीलसाहेब' म्हणत. त्यात थट्टा होती हे मला ठाऊक होते, आणि त्या पदाला मी पात्र होतो हेही.

त्यांच्या फडताळावर स्कॅनर असे. हा हातात मावणारा रेडिओ एकामागून एक लहरी चाचपत जातो आणि कोणी बोलत असले की तिथे थांबतो. पोलिसांचे किंवा अग्निशमन दलाचे बोलणे ऐकणे या देशात गुन्हा आहे, आणि त्या मोहात अविनाशराव कधी पडले नाहीत. ते ऐकत हौशी रेडिओवाल्यांच्या गप्पा: निवृत्त खलाशी, शाळामास्तर, रात्रपाळी संपवून आलेल्या परिचारिका. पण स्कॅनरच्या पोटातला स्पीकर रुपयाएवढा. माणूस बोलला तरी डबीत माशी अडकल्यासारखे वाटे. म्हणून वेगळा स्पीकर घ्यायचा ठरला आणि रविवारच्या जुन्या बाजारात मी सल्लागार म्हणून सोबत गेलो. सागवानी रंगाची, कमरेएवढी उंच एक जोडी मी पसंत केली. वस्तूला काही प्रतिष्ठा असावी, असे माझे मत होते व आहे.

"वकीलसाहेब, त्याला गायचं नाहीये, बोलायचंय," अविनाशराव हसत म्हणाले. त्यांनी पिशवीतून चालू स्कॅनर काढला आणि त्याची मोनो पिन एकेका स्पीकरला लावून पाहू लागले. माणसाचे बोलणे ना फार खोलात असते ना फार टिपेला, असे त्यांनी मला समजावले. मोठा स्पीकर तळाची घुमघुम वाढवतो आणि शब्द चिखलात रुततो. स्कॅनरची ताकद बेताची, तेव्हा स्पीकर आठ ओहमचा, लहान तोंडाचा, थोडक्या विजेवर मोकळा बोलणारा हवा. शेवटी एका जुन्या मोटारीतून काढलेला, पत्र्याच्या खोक्यातला कळकट स्पीकर त्यांनी उचलला. विक्रेत्याने तो फुकटात देऊ केला, यावरून त्याची किंमत समजावी. घरी लावला मात्र, आणि हाइन्झ टेबलाशी येऊन बसला!

पुढे दुसरा स्कॅनर आला आणि त्याला दुसरा स्पीकर. एक खिडकीशी, एक दाराशी, म्हणजे कोण कुठल्या लहरीवर बोलतो ते मान न वळवता कळे. "हेडफोन लावत जा ना, अहो," वहिनी सुरुवातीला म्हणत. अविनाशरावांचे उत्तर ठरलेले: "हेडफोन लावला तर मी घरात असून नसल्यासारखा. तू कुणाशी भांडशील?" हळूहळू वहिनींनाच ते आवाज ओळखीचे झाले. त्यांचे जर्मन बाजारहाटापुरते, पण कणीक मळता मळता त्या सांगत, "हाइन्झला आज सर्दी आहे," किंवा "ही बाई कालपासून चिडलेली आहे." आणि ते खरे असे.

दोन वर्षांपूर्वी अविनाशरावांचा उजवा कान एकाएकी गेला. आवाज उरला, दिशा गेली; एका कानाला खिडकी आणि दार सारखेच. डॉक्टरांनी कानाचे यंत्र दिले, येना या शहरातून अविनाशरावांच्या मुलीने, इराने, पुन्हा हेडफोन सुचवला. आठवडाभर अविनाशरावांनी स्कॅनरला हात लावला नाही. मग ते एकटेच बाजारात जाऊन लाकडी खोक्यातला एक स्पीकर घेऊन आले, जरा भरड, घशातून बोलणारा. दाराशी होता तो काढून तिथे हा बसवला. डोळ्यांना पंचा बांधून ते खुर्चीत बसले आणि वहिनींना म्हणाले, "मंगल, कुठलाही लाव."

वहिनींनी एक लावला.

"पत्रा. खिडकी."

दुसरा लावला.

"लाकूड. दार."

वहिनींनी न सांगता दोन्ही एकदम लावले. "अगं बये, भाजी मंडई केलीस!" ते ओरडले, आणि पंचा न सोडताच इतके हसले की तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेले असावे. कानाने जे नाकारले ते त्यांनी आवाजाच्या पोतावरून परत मिळवले. नशिबाविरुद्ध हरकत नोंदवून ती मंजूर करून घेतलेला असा दुसरा इसम माझ्या पाहण्यात नाही.

तर अशा माणसाच्या घरी, भेटीला आलेल्या मंडळींपैकी एक ज्येष्ठ गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुतकात हे बरं दिसत नाही हो. तुम्ही तरी सांगा त्यांना." मी सांगितले नाही. सुतक घराला असते, हाइन्झला नसते. माणसे कुजबुजत बसली आणि पत्र्यातून, लाकडातून हॅम्बर्ग बोलत राहिले.

खरी लढाई दहाव्यानंतर झाली. इरा हुशार, मायाळू मुलगी. भिंगांच्या शास्त्रात संशोधन करते. मराठी सगळे समजते, बोलते जर्मन. आईला येनाला न्यायचे, घर सोडायचे आणि हे सामान रस्त्याकडेच्या भंगारात ठेवायचे, असे तिने ठरवले होते. तोवर आईला सोबत म्हणून तिने एक देखणा बिनतारी स्पीकर आणला आणि स्कॅनरला बिनतारी जोड नसल्याने दोन्ही वायरीने त्या एकावरच जोडून दिले. हेतू चांगलाच होता. पण तो स्पीकर असा की काही वेळ आवाज आला नाही की वीज वाचवायला आपला आपण झोपी जाई. स्कॅनरवर तर अर्धा अर्धा तास कोणी बोलत नाही. मग हाइन्झ बोलू लागला, की याला जाग येईतो त्याचा नमस्कार संपलेला असे. आणि कोण खिडकीतून बोलतो, कोण दारातून, ते तर मुळीच उरले नाही.

"मामा, दास इस्ट डोख नुअर राउशन," इरा म्हणाली. म्हणजे, आई, ही नुसती खरखर आहे गं.

मी घसा साफ करून म्हणालो, "या संदर्भात माझी अशी नम्र विनंती आहे की..."

"काका, तुम्ही प्रत्येक गोष्टीचा अर्ज करता!" हे मात्र ती शुद्ध मराठीत म्हणाली. मी थांबलो. थांबलो ते बरे झाले, कारण वहिनी उठल्या होत्या. त्यांनी बिनतारी स्पीकरची वायर काढली, नीट गुंडाळली आणि इराच्या हातात दिली. मग पत्र्याच्या स्पीकरची पिन एका स्कॅनरला लावली, लाकडाच्या स्पीकरची दुसऱ्याला.

"आई, तू इथे एकटी कुणाशी बोलणार?" आता इराही मराठीत होती, आणि रडत होती.

"मला कुणाशी बोलायचं नाहीये, इरा. घरात बोलणं चालू असलेलं हवंय. तुझ्याकडे मी पाहुणी म्हणून येईन, चार दिवस, डबे घेऊन. राहायला नाही यायची."

इरा डोळे पुसून म्हणाली, "गेनाऊ." म्हणजे बरोबर. त्या भाषेत शरणागतीला यापेक्षा सुंदर शब्द मला माहीत नाही.

घराचा भाडेकरार वहिनींच्या नावावर झाला आहे. त्याची कागदपत्रे मीच केली. दुपार कलल्यावर मी जातो तेव्हा त्या सोफ्यावर नसतात. खिडकी आणि दार यांच्या बरोबर मधोमध खुर्ची ओढून, पाय स्टुलावर टाकून भाजी निवडत असतात. आवाज अविनाशराव ठेवत त्याहून त्यांनी दोन बोटे वाढवला आहे. मी तसे दाखवून दिले तर म्हणाल्या, "ते हळू ठेवायचे, लोकांना त्रास नको म्हणून. मी मोठा ठेवणार." इमारतीच्या नियमातल्या दुपारच्या व रात्रीच्या शांततेच्या वेळा त्या काटेकोर पाळतात, हे मी जबाबदारीने नमूद करतो. उरलेल्या वेळेतल्या आवाजाबद्दल कोणाची तक्रार असल्यास ती लेखी द्यावी. उत्तर मी लिहीन.