पडद्यावरची हिरवी रेघ

तपासणी करणाऱ्या बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. माझ्या नवऱ्याचे शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली होते आणि त्यांचा व्हिडिओ समोर चालला होता. "सरळ पुढे जाणाऱ्यामागे कॉम्प्युटर हिरवी रेघ ओढतो," बाई म्हणाल्या. "जागच्या जागी वळवळणाऱ्याला पिवळी. जो हलतच नाही त्याला लाल ठिपका."

पडदाभर लाल ठिपके होते. शेजारी मघापासून हलणारा नवऱ्याचा गुडघा थांबला.

लग्न झाल्यापासून सगळ्यांचे डोळे माझ्याच मागे फिरत आलेत. मी उपास धरते का, जिना धावत चढते का, कुणाच्या डोहाळजेवणाला पुढे पुढे करते का. माझ्या प्रत्येक पावलामागे कुणी ना कुणी रेघ ओढतच होतं. त्याच्याकडे मात्र कुणी संशयाने पाहिलंसुद्धा नाही. या यंत्राला सून कळत नाही, मुलगा कळत नाही. जे हलतं त्याच्यामागे ते जातं, एवढंच. मला आता बरं वाटायला हवं होतं. पण कोपऱ्यातून एक हिरवी रेघ निघाली आणि माझ्या मुठी वळल्या. चल, पुढे चल, थांबू नकोस!

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सासूबाईंचा आवाज मलाही ऐकू आला. "काय रे, तिच्या रिपोर्टमध्ये काय आलं?"

त्या रेघेवरची नजर त्याने हटवली नाही.

"रिपोर्ट तिचा नाही, आई," तो म्हणाला. "माझा आहे."