किसनरावांच्या बोटातला चुना

किसनरावांनी बोट माझ्या काळ्या टेबलावर ओढलं आणि मागे पांढरी रेघ उमटली. खडूनं ओढावी तशी.

"बघा डाक्तरसायब," त्यांची थोरली बहीण गिरजाआक्का म्हणाली. "माणसाच्या अंगातून चुना निघून राहिला. हिनं चारला."

ही म्हणजे किसनरावांची बायको, रुक्मिण. ती दाराशी उभी होती. कपाळावर ताजी खोक.

निजामाच्या राज्यात, हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात मी तेव्हा डॉक्टर होतो. हे लोक गोरेगावचे. किसनराव पन्नाशीचे, मटणाचे आणि शिंदीचे शौकीन. आधी पायाचा अंगठा सुजून ठणकायचा. मग हाताच्या सांध्यांवर गाठी आल्या, त्यातली एक फुटली. गावानं करणी ठरवून टाकली होती. किसनरावांचं बरंवाईट झालं तर रुक्मिणीला कुणी जिवंत सोडणार न्हाई, हे आक्कानं अगदी शांतपणे सांगितलं.

रोग मी ओळखला. गाऊट. रक्तात युरिक अ‍ॅसिड नावाचा टाकाऊ पदार्थ असतो, तो लघवीवाटे जातो. फार साचला की त्याचे खडे बनतात आणि सांध्यांत, कधी कानाच्या कडेला बसतात. किसनरावांच्या कानावरही तसे दाणे होते.

"हा चुना नाही," मी म्हणालो. "दाखवतो."

गाठीतली भुकटी बशीत घेतली. नायट्रिक अ‍ॅसिडचा थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर सुकवली. पिवळट डाग उरला. त्यावर अमोनियाचा थेंब पडताच जांभळा रंग पसरला. युरिक अ‍ॅसिडची ती पक्की खूण. मला वाटलं, काम झालं.

आक्का मागे सरकली.

"बोलली," ती हळूच म्हणाली. "करणी बोलली."

मी तिच्याच पानाच्या चंचीतला चुना घेऊन तेच सगळं केलं. रंग आला नाही.

"मग याच्यात काहून आला?"

उत्तर द्यायला मी वर पाहिलं. तिचा पदर घसरला होता. कानाच्या वरच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा पांढरा दाणा होता.

"आक्का, हे कधीपासून?"

"लई वर्सं झाली. आमच्या बापालाबी व्हतं."

सुईनं टोचून मी त्यातला कण काढला. बशी, थेंब, दिवा, पुन्हा थेंब. तोच जांभळा रंग. आक्का बशीकडे बघत राहिली.

"मी तर हिच्या हातचं खातच न्हाई," ती शेवटी म्हणाली.

"बाप कशानं गेला?" मी विचारलं.

"बसल्या जागी. छातीवर हात ठिवून."

मी किसनरावांची छाती तपासली. हृदयाचे ठोके जोडीनं ऐकू यायला हवेत. इथं मध्ये तिसरा येत होता, कुणी दबकत पाठीमागून चालावं तसा. ब्लडप्रेशर फार चढलेलं. अशा रोग्यांचं हृदय जपा, एवढं आम्हाला शिकवलं होतं. का, ते नीट ठाऊक नव्हतं. हे अ‍ॅसिड स्वतः रक्तवाहिन्या बिघडवतं, की ब्लडप्रेशर आणि किडनीच्या दुखण्याबरोबर नुसतं हजर असतं, यावर डॉक्टर आजही वाद घालतात.

"काळीज थकलंय," मी म्हणालो. "मटण, शिंदी बंद. आणि उद्या काही झालंच, तर ते बापाकडून आलेलं आहे. बायकोकडून नाही."

"माझ्या तोंडावर सांगून राहिले?" किसनराव म्हणाले.

"तुम्हाला नाही. आक्कांना सांगतोय."

ज्वारीच्या काढणीत किसनराव बांधावर बसले ते उठले नाहीत. पुढचं मला रुक्मिणीनं सांगितलं, आक्काला तपासायला घेऊन आली तेव्हा. करणीचा जाब विचारायला माणसं दाराशी जमली होती. आक्का उंबऱ्यात बसली, पदर मागे सारून कान दाखवला आणि म्हणाली, "मलाबी हिनंच चारलं म्हणता का?" लोक माघारी गेले.

आक्काचंही ब्लडप्रेशर चढलेलं निघालं. रुक्मिण तिला हाताला धरून घेऊन गेली.

रोग्याला त्याचं मरण आधी सांगू नये, असं आमच्या धंद्यात मानतात. मीही मानतो. त्या दिवशी मात्र ते सांगितलं, म्हणून एक बाई वाचली. तपासणीचं म्हणाल, तर जांभळा रंग दोन्ही वेळा तोच होता. दुसऱ्या वेळी तो आक्काच्या स्वतःच्या अंगातून निघाला, एवढाच फरक.